पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट कसं चालवायचं (आणि रात्री केलेलं काम सकाळी कसं सापडायचं)

पहिल्यांदा पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, मिंट हा तिचाच एक प्रकार) सुरू केलं तेव्हा मी हरखून गेले होते. कराडला माहेरी गेले होते, बाबांचा लॅपटॉप जुना. त्यावर विंडोज उघडेपर्यंत चहा करून प्यायला वेळ मिळतो. त्याच डब्यावर मिंट असं झरझर चाललं की रात्री साडेअकरापर्यंत बसून एका भाषांतराची चौदा पानं संपवली. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह केली, लॅपटॉप बंद केला, झोपले. सकाळी पुन्हा चालू केलं तर फोल्डर रिकामं. वायफायचा पासवर्डसुद्धा नव्याने विचारला. जणू मी आदल्या रात्री तिथे बसलेच नव्हते.

चौदा पानं पुन्हा केली. दुसऱ्यांदा जरा बरी झाली, पण तो मुद्दा नाही. बहुतेक जण सांगतात ते इतकंच: फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर चढवा, चालू करा. चालतंही. पण सिस्टिम चालणं वेगळं आणि तिने काही लक्षात ठेवणं वेगळं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

१. आधी हे समजून घ्या, मग हात लावा

पेनड्राइव्हवर चढवलेल्या लिनक्समध्ये अख्खी सिस्टिम एका दाबून भरलेल्या फाइलीत असते. ती फाइल फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. तुम्ही काही बदललंत, म्हणजे फाइल ठेवली, वॉलपेपर बदलला, पासवर्ड साठवला, की तो बदल या फाइलीवर अंथरलेल्या एका वेगळ्या थरावर लिहिला जातो. पुस्तकाच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात तसं. पान होतं तसंच राहतं, आपल्याला मात्र दोन्ही एकत्र दिसतं.

सगळा खेळ त्या ट्रेसिंग पेपरचा. काही न सांगता पेनड्राइव्ह तयार केलात तर तो पेपर रॅममध्ये असतो, लॅपटॉप बंद झाला की गेला. माझी चौदा पानं तशीच गेली. तो पेपर पेनड्राइव्हवरच ठेवायला सांगितलं तर राहतो. याला ‘परसिस्टन्स’ म्हणतात. मी ‘साठवण’ म्हणणार आहे.

कल्पना नवी नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स आणलं, ते सीडीवरून चालायचं. सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून हा थराचा मार्ग सोयीचा. आज सीडी गेली, पण मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलंत तरी आत ‘सीडीरॉम’ नावाचं एक फोल्डर दिसेल. गोंधळू नका, तो तुमचाच पेनड्राइव्ह.

‘मग विंडोजच का नको पेनड्राइव्हवर?’ असं भाच्याने विचारलं. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज टू गो’ नावाची सोय होती, कंपन्यांच्या आवृत्तीसाठी, पण २०२० मध्ये त्यांनी ती काढून टाकली. आडमार्ग आहेत, मी त्या वाटेला जात नाही.

२. काय काय लागेल

- ३२ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह, रिकामा. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
- विंडोजवाला एक कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह तयार करण्यापुरता.
- लिनक्स मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलीत बांधलेली. मी एक्सएफसीई आवृत्ती घेते, ती जुन्या यंत्रांना हलकी पडते. फाइल तीन जीबीच्या आसपास, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर उतरवणार असाल तर पॅक बघून.
- ही फाइल पेनड्राइव्हवर चढवणारं रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही.
- फोन आणि त्याची डेटा केबल. का ते पुढे येईल.
- ज्या कॉम्प्युटरवर चालवायचं आहे त्याच्या मालकाची परवानगी. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय करू नका. सायबर कॅफेतही आधी विचारा.

पेनड्राइव्हबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. ‘१ टीबी’ छापलेले, फार स्वस्तातले पेनड्राइव्ह मिळतात. त्यातल्या कित्येकांच्या पोटात जेमतेम काही जीबी असतात. चिप कॉम्प्युटरला खोटं सांगते. खरी जागा भरेपर्यंत सगळं ठीक दिसतं, नंतर नव्या फाइली जुन्यांवरच लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. भाच्याने असाच एक आणला होता. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं साधन आहे, लिनक्सवर एफथ्री. पेनड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून, खरी जागा किती ते सांगतात. नवा पेनड्राइव्ह आणला की मी एक रात्र यावर घालवते.

३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये तिसाच्याही आतच दिसतो. ही मात्र फसवणूक नाही. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.

यूएसबी २ आणि ३ मधला फरक कागदावर ४८० मेगाबिट विरुद्ध ५ गिगाबिट सेकंदाला. प्रत्यक्षात स्वस्त पेनड्राइव्ह तेवढं कधीच गाठत नाही, तरी फरक कळतो. बाबांच्या लॅपटॉपला दोन प्रकारची भोकं आहेत, आत निळी पट्टी दिसते ते ३. तिथेच लावा.

३. फाइल उतरवा, आणि तपासा

मिंटच्या मूळ साइटवरूनच उतरवा. मित्राने दिलेली, कुठल्या ग्रुपवर आलेली आयएसओ वापरू नका. आणि मूळ साइटवरून आणली तरी तपासा. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच साइट फोडून कोणीतरी डाउनलोडची लिंक बदलली होती. लोकांनी अधिकृत पानावरून विश्वासाने चोरदरवाजा असलेली सिस्टिम उतरवली. थोड्याच वेळात ते पकडलं गेलं, पण ज्यांनी तपासलं नाही त्यांना कळायला मार्ग नव्हता.

तपासणं अवघड नाही. मिंटच्या साइटवर प्रत्येक फाइलीसमोर ‘एसएचए २५६’ नावाची अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ दिलेली असते. रूफसमध्ये फाइल निवडल्यावर बाजूला बरोबरच्या खुणेचं छोटं बटण दिसतं, ते दाबलं की तुमच्या फाइलीची तीच ओळ तो काढून देतो. दोन्ही जुळल्या पाहिजेत. मी पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं बघते. अर्धवट उतरलेली फाइलही इथेच पकडली जाते, आणि आपल्याकडे नेट मध्येच जातं तेव्हा हे जास्त वेळा घडतं.

आवृत्ती शक्य तितकी नवी घ्या. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक कॉम्प्युटरांनी जुन्या लिनक्सचे पेनड्राइव्ह दारातच अडवले, पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दाखवून. ड्रॉवरमध्ये पडलेला चार वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह चालत नसेल तर कारण बहुधा हेच.

४. रूफसमध्ये पेनड्राइव्ह तयार करणं

पडद्यावरची नावं इंग्रजीत असतात, मी ती उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.

बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्डडिस्क आधी काढून ठेवा. रूफस साधारणपणे बाहेरची हार्डडिस्क यादीत दाखवतच नाही, चुकून पुसली जाऊ नये म्हणून. ‘लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज’ ही खूण केली तरच दाखवतो. ती खूण करू नका. लग्नाचे फोटो गेलेले लोक मला माहीत आहेत.

‘डिव्हाइस’मध्ये पेनड्राइव्ह निवडा. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ द्या. आता खाली ‘परसिस्टंट पार्टिशन साइझ’ अशी एक सरकपट्टी येते. ही पट्टी सुरुवातीला शून्यावर असते. ‘स्टार्ट’ दाबायची घाई झाली की नजर हिच्यावरून निसटते, आणि मग तुमचीही चौदा पानं जातात. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मी १६ देते. उरलेला भाग विंडोजलाही दिसतो, तिथे इकडून तिकडे न्यायच्या फाइली ठेवता येतात. पण एक गंमत आहे: तिथे विंडोजमधून टाकलेली फाइल मिंटमध्ये त्या ‘सीडीरॉम’ फोल्डरात वाचायला मिळते, मिंटमधून तिथे लिहायला मात्र मिळत नाही. एकमार्गी रस्ता.

‘पार्टिशन स्कीम’ला, म्हणजे पेनड्राइव्हचे भाग आखायच्या पद्धतीला, एमबीआर ठेवा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, यूईएफआय हा त्याचा नवा अवतार. त्याने जुन्या बायोसवाल्या आणि नव्या यूईएफआयवाल्या, दोन्ही यंत्रांवर पेनड्राइव्ह चालतो. जीपीटी निवडलंत तर जुनी यंत्रं त्याला ओळखणार नाहीत, आणि खिशात घेऊन फिरायचं म्हटल्यावर समोर कुठलं यंत्र येईल ते सांगता येत नाही.

‘स्टार्ट’ दाबल्यावर दोन प्रश्न येऊ शकतात. एक, काही जास्तीच्या फाइली उतरवू का? ‘येस’ म्हणा. दुसरा, ‘आयएसओ मोड’ की ‘डीडी मोड’? आयएसओ. डीडी निवडलं तर साठवणीचा भाग तयार होत नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही.

काम झाल्यावर विंडोज पटकन एक खिडकी उघडू शकतं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करू का? ‘कॅन्सल’. साठवणीचा भाग लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेला असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून त्याला तो बिघडलेला वाटतो. पुढे कुठल्याही विंडोज यंत्राला हा पेनड्राइव्ह लावाल तेव्हा ही खिडकी येऊ शकते. ज्याच्या हातात पेनड्राइव्ह द्याल त्यालाही बजावून ठेवा, कारण बहुतेक माणसं अशा खिडकीत विचार न करता ‘ओके’ दाबतात.

५. पेनड्राइव्हवरून चालू करणं

नवखे सगळ्यात जास्त इथे अडकतात, आणि दोष त्यांचा नसतो. प्रत्येक कंपनीची कळ वेगळी. डेल, लेनोव्हो, एसर: एफ १२. एचपी: एफ ९, किंवा आधी एस्केप. आसूसचे लॅपटॉप: एस्केप. एमएसआय: एफ ११. चालू करण्याचं बटण दाबल्याबरोबर ही कळ टकटक मारत राहायची. एकदाच दाबून वाट बघितली तर वेळ हुकते. काही लॅपटॉपवर ‘एफएन’ सोबत धरावी लागते. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२ आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करून ठेवावी लागते, तोवर ती कितीही मारा.

ही सगळी कसरत टाळायची तर विंडोजमधूनच जा: ‘शिफ्ट’ धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’. तिथे पेनड्राइव्हचं नाव असतं. मी हल्ली हेच करते. सगळ्या यंत्रांवर तो पर्याय दिसत नाही, तिथे मग टकटक.

याचा आणखी एक फायदा. विंडोज साधं ‘शटडाउन’ केलं तरी बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर उठेल. ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात ते. अशा वेळी मिंटमधून आतली डिस्क उघडलीत तर ती फक्त वाचता येते. ‘रीस्टार्ट’ मात्र पूर्ण असतो.

आता धोक्याची जागा. इथे-तिथे वाचाल की ‘सिक्युअर बूट बंद करा’, म्हणजे फक्त ओळखीच्या सिस्टिमलाच चालू होऊ देणारा बायोसमधला पहारा काढा. मिंटला त्याची गरज नाही, मिंट सिक्युअर बूटसह चालतं. ती सेटिंग उगाच बदललीत आणि त्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे किल्ली, मागतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा त्याचा धाकटा भाऊ ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बऱ्याचदा मालकाला न विचारताच चालू झालेला असतो. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं दुकानदाराने काढलेलं, आणि कोणत्या ईमेलवर ते मालकाला आठवत नाही. आमच्या शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर मी हा घोळ घालून ठेवला होता. दोन दिवस जुन्या सिमचे ओटीपी शोधत बसलो. तेव्हा बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी विंडोज चालू असताना ती किल्ली कुठे आहे ते पाहून, लिहून ठेवा.

अलीकडच्या काही लॅपटॉपवर, विशेषतः ऑफिससाठी विकल्या जाणाऱ्या, बायोसमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी सीए’ अशी खूण करावी लागते, तरच लिनक्स आत येतं. आणि एम १, एम २ असल्या चिपचे ॲपलचे मॅक असतील तर हा पेनड्राइव्ह चालणारच नाही, चिपची जातच वेगळी. प्रयत्नात वेळ घालवू नका.

६. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं

काळ्या पडद्यावर मेनू येईल, पहिलाच पर्याय घ्या. डेस्कटॉप दिसायला बाबांच्या लॅपटॉपवर निळ्या भोकातून मिनिटभर लागतो, काळ्यातून दोन-अडीच. पासवर्ड विचारत नाही.

डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ नावाचं चित्र असतं. त्याला हात लावायचा नाही. ‘आता इन्स्टॉल करायचं असेल’ असं वाटून लोक त्यावर क्लिक करतात, पुढे ‘इरेज डिस्क’ला हो म्हणतात, आणि पुसली जाते ती लॅपटॉपची आतली डिस्क. तुम्ही चालवताय ते आधीच चालू आहे, आणखी काही इन्स्टॉल करायचं नाही.

मग साठवण तपासा. डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर करा, नाव काहीही. वायफाय जोडा. रीस्टार्ट करून पुन्हा पेनड्राइव्हवरूनच आत या. फोल्डर जागेवर आहे आणि वायफाय आपोआप जोडलं गेलं? मग कामाला लागा. नसेल तर परत चौथ्या पायरीवर. हे तपासल्याशिवाय एक ओळसुद्धा टाइप करू नका.

वायफाय दिसतच नाही, असंही होतं. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) मिंटसोबत येत नाहीत, आणि ते उतरवायला नेट लागतं, आणि नेट नाही. इथे ती फोनची केबल. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंट त्याला लगेच ओळखतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून बघा.

७. मराठी टायपिंग

यासाठी काही उतरवावं लागत नाही. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘कीबोर्ड’मध्ये ‘लेआउट’ असा भाग आहे. ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ बंद करा आणि नवा लेआउट जोडा. ‘इंडियन’ हा मूळ पर्याय घेतला की देवनागरी इनस्क्रिप्ट (कळांची एक ठरलेली मांडणी) मिळतो. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर त्याच यादीत ‘मराठी, कगप, फोनेटिक’ आहे. दोन्हींमध्ये अदलाबदल करायला कोणती कळ हवी तेही तिथेच ठरवा.

इनस्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्यांना दोन अक्षरं सापडत नाहीत. ळ शिफ्ट धरून ‘एन’वर आहे. आणि ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला तो आडवा र: त्यासाठी शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग पुढचं अक्षर. साध्या र ने केलंत तर ‘दर्या’ होतो, आणि दऱ्याखोऱ्यांऐवजी समुद्र येतो.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली इथे उघडल्यात तर अगम्य अक्षरं दिसतील. मिंटचा दोष नाही, त्या फाइली युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत) नाहीत. आधी रूपांतर करून घ्या. साध्या वर्डच्या युनिकोड फाइली लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडतात, तक्ते मात्र कधी कधी इकडेतिकडे सरकतात. त्यामुळे ग्राहकाला अंतिम फाइल पाठवायची असेल तेव्हा मी पीडीएफही जोडते.

जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ती कामं विंडोजवरच करा. मी तरी तेच करते.

८. अपडेटचा मोह

खालच्या पट्टीवर ढालीचं चित्र दिसेल: दोनशे अपडेट आले आहेत. चांगल्या सवयीचा माणूस सगळी घेतो. इथे ती चांगली सवय नडते.

ट्रेसिंग पेपर आठवा. खालच्या पानावरचं जुनं सॉफ्टवेअर पुसता येत नाही, ते तिथेच राहतं, आणि नवं त्यावर पेपरवर लिहिलं जातं. जागा दुप्पट जाते. त्यात सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तर पानावरचाच चालतो. नवा कर्नल उतरवलात तर तो साठवणीत नुसता पडून राहतो. मी सुरुवातीला सगळे अपडेट घेत गेले, तीन महिन्यांत साठवण भरली आणि एके दिवशी डेस्कटॉप उघडेना. फाइली वाचल्या, कारण दुसऱ्या लिनक्समधून त्या काढता आल्या. दर वेळी तसं होईलच असं नाही.

म्हणून यादीतल्या सगळ्या खुणा काढा आणि फक्त फायरफॉक्स ठेवा, कारण बाहेरच्या जगाशी संबंध त्याचाच. बाकीच्यासाठी मिंटची नवी आयएसओ आली की फाइली बाहेर काढून पेनड्राइव्ह नव्याने तयार करायचा. अर्ध्या तासाचं काम.

फायरफॉक्स धिमा वाटत असेल तर पेनड्राइव्हवर सतत बारीकसारीक लिहिलं जात असतं, ते कारण. टॅब कमी ठेवा. आणि लाइट जाईल हे धरून सोय करा: यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लिहिता लिहिता लाइट गेली तर साठवणीचा भाग बिघडू शकतो. चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तरी तेच. लॅपटॉप स्वयंपाकघरातून बाहेर नेताना दाराच्या चौकटीला तो पेनड्राइव्ह अडकतो, अनुभवाने सांगते. छोटा, बुटका मिळतो तो घ्या.

पेनड्राइव्ह कधी ना कधी मरणारच. आठवड्यातून एकदा कामाच्या फाइली दुसरीकडे टाका.

९. हरवला तर?

रूफसने केलेल्या साठवणीला कुलूप नसतं. ज्याला पेनड्राइव्ह सापडेल तो लावेल, चालू करेल, आणि तुमच्या डेस्कटॉपवर बसेल. फायरफॉक्समध्ये पासवर्ड साठवले असतील तर तेही त्याचे. निदान ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं त्यावर ठेवू नका.

उलट बाजूही सांगते. दुसऱ्याच्या विंडोजमध्ये व्हायरस असला तरी तुम्ही मिंटमध्ये असता तेव्हा तो चालत नाही, हा फायदा खरा. पण कीबोर्डच्या वायरीत कोणी कळा टिपणारं यंत्र बसवलं असेल तर मिंटला ते दिसत नाही. अनोळखी ठिकाणी बँकेचं काम नकोच. मागे काहीच राहू नये अशी गरज असेल, पत्रकारांना असते तशी, तर त्यासाठी टेल्स नावाची वेगळी सिस्टिम आहे. ती टॉर या, आपण कोण ते लपवणाऱ्या जाळ्यामधूनच नेटवर जाते आणि तिची साठवण कुलूपबंद असते.

१०. रोज वापरणार असाल तर

आठवड्यातून एक-दोनदा वापरायला हा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ न चालणारी यंत्रं अनेकांच्या घरी आहेत. त्यांना रोजच वापरायचं असतं. मग सरळ यूएसबीने जोडायची छोटी एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या आणि तिच्यावर मिंट रीतसर इन्स्टॉल करा. तिथे ट्रेसिंग पेपर नाही, सगळे अपडेट घेता येतात, कुलूपही लावता येतं.

फक्त एक मोठा खड्डा आहे. मिंटचा इन्स्टॉलर, तुम्ही बूटलोडर, म्हणजे सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्राम, ‘बाहेरच्या डिस्कवर टाक’ असं सांगितलं तरी, तो बऱ्याचदा आतल्या डिस्कच्या बूट विभागातच टाकतो. मग एसएसडी काढून लॅपटॉप चालू केला की काळा पडदा आणि ‘ग्रब’ (त्या बूटलोडरचं नाव) एवढाच शब्द. बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पुन्हा वर आणला की विंडोज येतं, पण मालकाचा जीव तोवर अर्धा होतो, आणि तुमची एसएसडीही दुसऱ्या यंत्रावर चालू होत नाही. इन्स्टॉल करण्याआधी आतली डिस्क बायोसमधून बंद करा किंवा स्क्रू काढून सोडवून ठेवा. दोन्ही जमणार नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

११. निघताना

मेनूतून ‘शटडाउन’ करा. शेवटी पडद्यावर इंग्रजीत येतं: माध्यम काढा आणि एंटर दाबा. ते येईपर्यंत पेनड्राइव्हला हात नको. कधी नुसतं चिन्हच दिसत राहतं, संदेश त्याच्यामागे लपलेला असतो. पेनड्राइव्हचा दिवा मिचकावायचा थांबला की काढा आणि एंटर मारा.

मी पुण्याला परतले त्याच दिवशी बाबांचा फोन आला. दुपारचे चार वाजले होते आणि त्यांचं विंडोज सकाळचे साडेदहा दाखवत होतं. व्हायरस घालून गेलीस का, म्हणाले. लिनक्स यंत्राच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेला लावतं आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. ‘डेट अँड टाइम’च्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिंक नाऊ’ दाबा, असं सांगितलं. दाबलं. चार वाजून सहा मिनिटं झाली.